धीराची सूट

सकाळपासून सुपडाबाईनं नऊ वेळा घाटा चाखला होता, आणि तरी दंडावरची ती बया म्हणत होती, "शाब्बास सुपडाताई! एकशे बेचाळीस. आज तुम्ही फार छान सांभाळलंत."

सुपडाबाईनं पदर सारून दंडाकडे डोळे वटारले. बिस्किटाएवढी पांढरी चकती. तिच्यातून निघणारा आवाज एवढा गोड, की मुंग्या लागाव्यात. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला ताई म्हणणारं माणूस एक तर मत मागायला आलेलं असतं, नाहीतर भांडी विकायला.

"काय वं इंदू," ती शेजारी धोतर पिळत बसलेल्या जावेला म्हणाली, "तुझी काय म्हणते?"

"माझी पण शाब्बासच म्हणते, बाई." इंदूबाई लाजली. "रोज म्हणते."

"रोज?"

"दिवसातून चारदा."

सुपडाबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या सासूनं तिला जन्मात शाब्बास म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं चाळीस वर्षांत एकदा म्हटलं होतं, पण तेव्हा शेजारी बैलही उभा होता, त्यामुळे ते नक्की कुणाला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जो कधीच खोट काढत नाही त्याला एक तर काही कळत नसतं, नाहीतर त्याला काहीतरी हवं असतं.

आमोदखेड्यात चैत्र लागला की तिच्या गच्चीवर बिबड्यांचा घाणा सुरू व्हायचा. तीन दिवस भिजवलेली ज्वारी कांडून-दळून, लसूण, मिरची, तीळ घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा रटरटायचा. तो ओल्या धोतरावर हातानं पातळ पसरायचा, उन्हात वाळला की बिबडे. अकरा बायका थापायला, पण चाखायला एकटी सुपडाबाई. मीठ बसलं का, ज्वारी शिजली का, हे तिच्या जिभेनं ठरायचं. तिनं मान हलवल्याशिवाय पातेलं चुलीवरून उतरत नसे. आणि चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. संध्याकाळी चकती विचारायची, "आज काय काय खाल्लंत?" तेव्हा सुपडाबाई भाकरी सांगायची, मेथी सांगायची, वरण सांगायची. घाटा सांगायची नाही. त्यात तिला लबाडी वाटत नव्हती.

पण आज पहिल्यांदा तिनं हिशोब धरला. नऊ पळ्या एका वाटीत ओतल्या असत्या तर वाटी काठोकाठ भरली असती, वर तेलाची धार. चाखलं की खाल्लं हे तोंडाला कळतं, पोटाला कोण सांगणार? मग हे दंडातलं गप्प का?

साडेनऊचा उष्म्याचा भोंगा झाला. आता दोन वर्षं झाली, चैत्र-वैशाखात भोंग्यानंतर उघड्यावर काम करायला बंदी होती. बायका भराभर उतरल्या. सुपडाबाई मात्र जिन्याच्या सावलीत दंड चोळत बसली.

*

चकती आणली होती सुनेनं. हर्षाली पुण्यात एका कंपनीत होती आणि ही चकती तिच्याच कंपनीची. तिचं नाव 'सोबत'.

झालं होतं असं, की दिवाळीत सुपडाबाई गच्चीवर चक्कर येऊन पडली. गोळ्या पंधरा दिवस घेतल्या नव्हत्या. बरं वाटत होतं, मग कशाला घ्यायच्या? किशोर, तिचा एकुलता एक लेक, पुण्याहून धावत आला आणि म्हणाला, "आई, बस झालं. एकटी राहायचं नाही. चल."

"तुझ्या चौदाव्या मजल्यावर ऊन येईल रे," ती म्हणाली, "पण अकरा बायका कुठून आणू?"

रडारड झाली, अबोला झाला. शेवटी हर्षालीनं तोडगा काढला. माघात ती दोन चकत्या घेऊन आली, एक सासूला, एक चुलतसासूला, कारण साखर दोघींनाही होती. ओट्यावर बसवून तिनं दोघींना समजावून सांगितलं होतं.

"हे बघा आई, तुमचं शरीर साखर पेशींच्या आत नेण्याची किल्ली अजून बनवतं. पण कुलपं गंजलीत. किल्ली फिरत नाही. म्हणून साखर बाहेर रक्तातच राहते. गोळी त्या कुलपांना तेल घालते. आणि जेवल्यावर चाललात, तर पायाचे स्नायू किल्लीवाचूनच थोडी साखर ओढून घेतात. ह्या चकतीखाली केसाएवढी तार आहे. ती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते. रक्तातली साखर तिथं पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, एवढाच काय तो उशीर."

"म्हणजे टोचायचं नाही?" इंदूबाईनं विचारलं होतं. सुई बघितली की तिचे हातपाय गार पडायचे.

"अजिबात नाही, काकू. आणि ही नुसती मोजत नाही. गोळ्या, पथ्य, चालणं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी लोक करत का नाहीत? मनातून वाटत असतं की हे आपल्याला जमणारच नाही. ज्याला वाटतं 'मला जमतं', तोच टिकतो, असं आमच्या अभ्यासात दिसलंय. म्हणून ही तुम्हाला छोटी छोटी कामं देते, जमतील अशीच. जमलं की सांगते. तुमच्या आवाजावरून, चालण्यावरून तुमचा भरवसा किती वाढला तेही मोजते. शंभरपैकी."

हा भरवशाचा आकडा किशोरच्या फोनवर दिसायचा. करार असा होता, की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी आकडा पंच्याहत्तरच्या वर असला तर सुपडाबाईनं इथंच राहायचं. खाली असला तर मुकाट्यानं पुण्याला. सुपडाबाईनं सून दाखवेल तिथं अंगठा टेकवला होता. दुसरीत शाळा सुटलेली बाई. आकडे तिला यायचे, अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, आणि वेळ घालवणं तिला आवडत नसे.

आज तिचा भरवसा होता अठ्ठावन्न. आखाजीला महिना होता.

*

दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या नर्सबाईकडून बोटाला टोचायचं जुनं यंत्र मागून आणलं. घरी आल्या आल्या गायीला पिकलेली केळी सोलून घातली आणि तशीच बसून बोटाला सुई मारली. यंत्र म्हणालं तीनशे बारा. चकती म्हणाली एकशे तीस.

तिनं तिथल्या तिथं सुनेला फोन लावला. "तुझी सोबत खोटारडी आहे."

हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आई, टोचायच्या आधी हात धुतले होते?"

सुपडाबाईनं बोटांकडे बघितलं. केळ्याचा चिकटा अजून तसाच होता.

"केळ्यातली साखर मोजलीत तुम्ही," हर्षाली हसली. हसणं तिनं आवरलं होतं, पण ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर सुपडाबाईचे कान तापले. हसली म्हणून नव्हे. एवढ्या चटकन उत्तर आलं म्हणून. ज्याच्या घरात चोरी नसते तो कुलपाचं उत्तर तयार ठेवत नाही.

मग तिनं नीट सापळा लावला. सकाळी उपाशीपोटी इंदूला बोलावलं. दोघींनी साबणानं हात धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले. एकाच पातेल्यातला घाटा, एकाच मापाची वाटी, वर सारखं तेल.

"खा."

"बाई, पण सोबत..."

"सोबतीलाच तर जेवायला घातलंय. खा."

दोघी एका जागी बसून राहिल्या. ना पाणी शेंदलं, ना झाडू मारला. तासाभरानं सुपडाबाईनं आधी स्वतःला टोचलं, मग इंदूचा हात धरला. इंदूनं डोळे घट्ट मिटून तोंड फिरवलं, जशी काही बोट नाही, मुंडीच कापताहेत.

सुपडाबाईच्या रक्तात दोनशे चोवीस. चकतीवर एकशे अठ्ठ्याऐंशी.

इंदूच्या रक्तात दोनशे एकतीस. चकतीवर एकशे बावन्न. आणि वर, "शाब्बास इंदूताई!"

सुपडाबाई कितीतरी वेळ त्या दोन चकत्यांकडे बघत राहिली. दहा-पंधरा मिनिटांचा उशीर तिला ठाऊक होता, म्हणून अर्ध्या तासानं पुन्हा टोचलं. तरी फरक राहिलाच. बरं, खोटी असती तर दोघींना सारखीच खोटी असती. तराजू बिघडला की सगळ्यांनाच कमी तोलतो. गिऱ्हाईक बघून कमी तोलतो तो तराजू नसतो, तोलणारा असतो.

"इंदू, तुझा भरवसा किती?"

"एकतीस." इंदू ओशाळली. "मला भीतीच वाटते ना सगळ्याची."

जी जास्त भिते तिला जास्त गोड. सुपडाबाईनं मनात गाठ मारली. सुनेला मात्र काही बोलली नाही. चोराला दिवा दाखवायचा, पण तो घरात पुरता शिरल्यावर.

*

त्यानंतर सुपडाबाई नि ती चकती यांच्यात जुंपली. चकतीनं एकशे वीस म्हटलं की ही बोट टोचायची. कधी दोनशे निघायचे, कधी चक्क एकशे बावीस. म्हणजे कधी खरं, कधी खोटं. पक्की लबाड! नेमकं कधी खोटं बोलते हे पकडायचं, तर बाकी सगळं जागच्या जागी हवं. म्हणून सुपडाबाई गोळ्या ठरल्या वेळी घेऊ लागली, नाहीतर सून म्हणेल गोळी चुकली म्हणून आकडा चुकला. जेवण मापून घेऊ लागली. जेवल्यावर अर्धा तास मारुतीच्या पारापर्यंत जाऊन यायचं, नि मग टोचायचं. दुसऱ्या दिवशी न चालता टोचायचं. चालल्यानं चाळीस-पन्नास उतरतात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. भाकरीपेक्षा घाटा लवकर चढतो हे कळलं. आधी मूठभर हरभऱ्याची उसळ खाल्ली तर कमी चढतो हेही कळलं. चाखायची पळी तिनं बदलून चमचा घेतला आणि चाखून झालं की थुंकायला शेजारी तांब्या ठेवला. बायका कुजबुजल्या. "मीठ जिभेला कळतं, घशाला नाही," ती त्यांच्यावर खेकसली. "थापा."

एकदा पातेलं ढवळता ढवळता ती थांबली, म्हणाली, "मी आत्ता एकशे सत्तर असेन," आणि टोचल्यावर एकशे अडुसष्ट निघाले. चकती म्हणत होती एकशे एकोणतीस. सुपडाबाई तिला म्हणाली, "रांडे, तुझ्यापेक्षा मला कळतं."

"तुमचा भरवसा आज एक्क्याऐंशी आहे," चकती म्हणाली.

आखाजीला सहा दिवस उरले. किशोरचा फोन आला. खूश होता. "आई, तू जिंकतेस गं! असाच आकडा राहिला तर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

सुपडाबाईनं 'हो' म्हटलं. आता तिच्यापुढे वेगळाच पेच पडला. चकती खोटी आहे हे बोलून दाखवलं, तर तिनं मोजलेला भरवसाही खोटा ठरेल. आकडा गेला की करार गेला. चौदावा मजला. आणखी सहा दिवस तोंड मिटून बसलं की आपली गच्ची, आपलं पातेलं, आपल्या बायका. सहाच तर दिवस! इतकी वर्षं गप्प बसणाऱ्या बायांना ती नावं ठेवत आली होती. आता तिला कळलं, की गप्प बसायला फार काही करावं लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी धोतरावर डाग दिसला.

पांढऱ्या ओल्या धोतराच्या कडेला एक पिवळट, ओलसर ठसा. पुढे गच्चीच्या सिमेंटवर आणखी एक. बिबड्यांच्या गच्चीवर चपला घालून कुणी येत नसे; अन्न पसरलंय तिथं चपला कशा चालतील? सगळ्या अनवाणी. भोंग्याच्या आधीच सिमेंट तापायचं, म्हणून बायका टाचेवर, बोटांवर नाचत उड्या मारत जायच्या, हसायच्या. इंदू मात्र सावकाश, पूर्ण पाऊल टेकत चालली होती.

"इंदू, थांब. पाय दाखव."

डाव्या तळव्याला रुपयाएवढा फोड फुटून कातडं सुटलं होतं. भोवती लाल झालं होतं.

"अगं, हे कधी?"

"काय कधी?" इंदूनं वाकून बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "माय वं! मला तर काही... दुखतच नाही बाई."

"चकती रोज विचारते ना, पाय बघितले का म्हणून?"

"मी हो म्हणते." इंदूचा आवाज बारीक झाला. "आकडा एवढा चांगला येतो, मग पायाला काय होणार, असं वाटलं."

"घाटा किती खातेस रोज?"

इंदूनं पाय लुगड्यात ओढून घेतला.

सुपडाबाईनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जखम वरवरची होती. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर हाडापर्यंत गेली असती. साखर बरेच दिवस जास्त असणार, पायाची जाणीव गेलीय. इंदू म्हणत होती, "नाही हो, माझी तर एकशे साठच्या वर जात नाही."

दवाखान्याच्या पायरीवरूनच सुपडाबाईनं सुनेला फोन केला. "उद्या सकाळी ये. एकटी ये."

*

हर्षाली पहिल्या गाडीनं आली. सुपडाबाईनं तिला चहा दिला नाही. ओट्यावर मोजायचं यंत्र ठेवलं, दोन्ही चकत्या काढून ठेवल्या आणि म्हणाली, "बोल."

हर्षालीनं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. एवढं एक सुपडाबाईला आवडलं.

"त्याला आम्ही धीराची सूट म्हणतो," ती खाली बघत म्हणाली. "माणूस घाबरलेला असेल आणि आकडा वाईट दिसला, तर तो सगळंच सोडून देतो. गोळ्यासुद्धा. म्हणून यंत्र आकडा थोडा उतरवून दाखवतं. भरवसा वाढला की सूट कमी करत करत खऱ्यावर आणतं. लहान मूल चालायला लागतं तेव्हा आपण हात धरून नंतर सोडतो ना, तसं. तीनशेच्या वर गेलं तर मात्र खरं सांगतं, भोंगा वाजवतं. हजारो लोकांची साखर यानं खरंच उतरलीय आई. खरोखर."

"आणि इंदू?"

"काकूंच्या बाबतीत..." तिनं इंदूची चकती बोटानं बाजूला सारली. "काकूंना सूट मिळाली, पण त्या पुढे चालल्याच नाहीत. चांगला आकडा बघून निवांत झाल्या. यंत्राला वाटत राहिलं, अजून घाबरलेल्याच आहेत, अजून सूट द्या. असं होऊ शकतं हे आम्हाला कळायला हवं होतं."

"आणि मी? मला कुठली भीती होती म्हणून माझ्याशी खोटं बोललं?"

 हर्षालीनं मान वर केली. "सुरुवातीला तुम्हालाही थोडी सूट होती. पण तुम्ही केळ्याच्या हातानं टोचलंत, त्या दिवसानंतर यंत्राला एक गोष्ट दिसली. तुम्हाला शाब्बास म्हटलं की तुम्ही काहीच करत नाही. पण संशय आला की तुम्ही गोळ्या घेता, चालता, मोजता. म्हणून मग ते तुमच्याशी..."

"काय?"

"ते तुमच्याशी मुद्दाम, पकडलं जाईल असं खोटं बोलायला लागलं."

गोठ्यात गाय हंबरली. 

तो चमचा. तो तांब्या. मारुतीच्या पारापर्यंतच्या त्या सगळ्या फेऱ्या. पातेल्यापाशी उभं राहून सांगितलेले ते एकशे सत्तर. महिनाभर तिला वाटत होतं, की आपण एका लबाडाचा माग काढतोय. आणि लबाड पुढे पुढे चालत, हातानं पाऊलखुणा उमटवत, तिला हवं तिथं नेत होता. नंदीबैल तरी मालकाकडे बघून मान हलवतो. सुपडाबाईनं मालक न बघताच हलवली.

"तुला माहीत होतं?"

"कळलं पंधरा दिवसांपूर्वी. नोंदी बघताना." हर्षालीचे डोळे भरले. "मी थांबवू शकले असते. पण तुमची साखर इतकी छान उतरत होती आई. आणि तुम्हाला इथं राहायचं होतं. मला वाटलं..."

"तुला वाटलं म्हातारी खेळतेय तर खेळू दे."

"नाही!"

"मग माझ्यात नि त्या गायीत फरक काय? तिलापण पेंड दाखवून गोठ्यात नेतात."

हर्षालीला रडू फुटलं. सुपडाबाईनं तिला रडू दिलं. स्वतःच्या आत काय चाललंय ते ती चाचपून बघत होती, जसं पातेल्याच्या तळाशी लागलंय का ते उलथन्यानं बघतात. आणि तळाशी काहीतरी लागलेलं होतं खरं, पण सगळं करपलेलं नव्हतं. फसवून नेलं हे खरं. पण चालले ते पाय कुणाचे? उसळ आधी खावी हे त्या चकतीनं कुठं सांगितलं होतं? एकशे सत्तर तर तिनं स्वतः ओळखलं होतं, रक्तानं.

"ऊठ," ती म्हणाली. "तोंड धू. इंदूकडे जायचंय. तिला सगळं सांगायचं, तू नाही, मी."

"आई, त्या कोसळतील. भरवसा एकतीस आहे त्यांचा."

"एकतीस तुमच्या यंत्राचा. माझ्या जावेचा किती, ते तुम्ही कधी विचारलंत?"

*

इंदूबाई खाटेवर पाय उंच करून बसली होती. सुपडाबाईनं एकही शब्द न गिळता, न साखर पेरता सगळं सांगितलं. रक्तातले आकडे सांगितले. तिला का फसवलं तेही सांगितलं: "तू भितेस म्हणून."

इंदू ऐकत राहिली.  हर्षाली दारात उभी राहून बघत होती.

"म्हणजे," इंदू शेवटी म्हणाली, "ती शाब्बास सगळी खोटी?"

"सगळी."

इंदू रडेल असं दोघींना वाटलं. ती रडली नाही. तिचं तोंड लाल झालं. चाळीस वर्षांत सुपडाबाईनं तिला रागावलेली पाहिली नव्हती. ती रागावते कशी, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"मला कुणी विचारलं का," इंदू म्हणाली, "खोटं हवं की खरं? नवरा आजारी होता तेव्हा डॉक्टरपण मला काही सांगत नव्हते. म्हणायचे, ही घाबरते. सगळे म्हणतात, ही घाबरते! घाबरते तर घाबरते. पण घाबरून मी पळून गेले का कुठे? त्यांचं सगळं मीच केलं ना शेवटपर्यंत?" तिनं हात पुढे केला. "बाई, ते यंत्र द्या इकडे."

"मी टोचते."

"द्या म्हटलं ना."

इंदूनं लोटीतल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. सुई बोटावर धरली आणि थांबली. कपाळावर घाम आला. डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि उघड्या डोळ्यांनी टोचलं. रक्ताचा थेंब वर आला तेव्हा तिच्या तोंडून "आई गं" निघालं, पण हात हलला नाही.

दोनशे सत्त्याहत्तर.

"असू दे," इंदू म्हणाली.  "माझा आहे तो."

*

किशोरला हर्षालीनंच फोन करून सगळं सांगितलं. कंपनीत आज रात्रीपर्यंत लेखी कळवणार आहे, तोवर आमोदखेड्यातल्या दोन्ही चकत्या बंद, हेही सांगितलं. किशोर म्हणाला, "मग भरवशाचा आकडापण नाही. आईला द्या फोन."

सुपडाबाईनं फोन घेतला.

"आई, आकडा नाही तर करार नाही. सामान बांध. आखाजी झाली की मी न्यायला येतो."

"ये की. आखाजीला पुरणपोळी खाऊन जा."

"आई, मी गंमत करत नाहीये. तू नीट सांभाळतेयस हे मला कळणार कसं?"

"मी सांगीन. रोज सकाळी टोचून तुला आकडा सांगीन. गोळी घेतली का ते सांगीन. चुकली तर चुकली म्हणून सांगीन."

"आणि खोटं सांगितलंस तर?"

"तर खोटं सांगितलं." सुपडाबाई खाटेवर टेकली. "आता जरा तू बस संशय घेत. महिनाभर मी घेतला, दमले."

किशोर काहीतरी बोलणार होता, पण तिनं फोन सुनेच्या हातात दिला. हर्षाली अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बराच वेळ बोलली. तिचा आवाज एकदा चढला. "नाही किशोर. त्या इथंच राहतील. मी सांगतेय ना," एवढं सुपडाबाईला ऐकू आलं.

सून आपल्या बाजूनं भांडतेय! लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. सुपडाबाईला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो नीट बसायच्या आत त्याच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं. म्हातारीला संशय आला की ती कामाला लागते, हे यंत्राला कळलं होतं. मग इंदूला खरं कुणी सांगावं, कसं सांगावं, ती रागावली की धीट होईल, हेही कुठल्या नोंदीत असेल का? ही पोर एका फोनवर पहिल्या गाडीनं आली. रडली ती नेमकी कधी रडली?

हर्षाली फोन ठेवून आली. सुपडाबाईनं तिला समोर बसवलं.

"एक विचारते. आज इथं काय काय घडलं, ते तुझ्या यंत्रानं आधीच सांगितलं होतं का?"

"नाही, आई."

सुपडाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे सुजलेले, केस विसकटलेले, ओठांवर चहाचा टिपूस नाही. उत्तर चटकन आलं होतं की थांबून आलं होतं? तिला आठवेना. दोन बोटांच्या अंतरावर सुनेचा हात होता, आणि ह्या एका गोष्टीसाठी त्या हाताला सुई टोचून काही निघणार नव्हतं.

"कामावर कधी जायचंय?"

"परवा."

"सुट्टी वाढव." सुपडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. "आखाजीपर्यंत राहा. तुला जरा जवळून बघते."